चाळीस अटी, एकच ओळ : पायथनमधील द्विघाती अटींची मांडणी

मालवाहतूक, वीजवितरण, गुंतवणूक अशा क्षेत्रांत उपलब्ध पर्यायांतून सर्वोत्तम पर्याय शोधण्याच्या गणिताला इष्टतमीकरण म्हणतात. पर्याय निवडताना काही अटी पाळाव्या लागतात. अटीत अज्ञात राशीचा वर्ग किंवा दोन अज्ञात राशींचा गुणाकार आला, की ती द्विघाती अट ठरते. अशा अटींचा संपूर्ण संच एकाच ओळीत लिहिण्याची सोय पायथन या संगणकीय भाषेसाठीच्या ‘गुरोबीपाय’मध्ये आहे. मात्र त्या ओळीतील चूक संगणक दाखवून देईलच, असे नाही.

गु, रॉथबर्ग व बिक्स्बी या संस्थापकांच्या आडनावांवरून नाव पडलेली गुरोबी कंपनी २००८ साली अमेरिकेत सुरू झाली. राशींचे गट मॅट्रिक्स स्वरूपात हाताळण्याची सोय तिने २०१९ मध्ये, ९.० या आवृत्तीत दिली.

एकाच बेरजेचा फरक

रुग्णवाहिकेचे केंद्र ४० गावांपैकी प्रत्येकापासून सरळ रेषेत १० किलोमीटरच्या आत हवे आहे, असे समजू. पायथागोरसच्या प्रमेयानुसार पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अंतरांच्या वर्गांची बेरीज १०० पेक्षा अधिक नसावी. गावांचे निर्देशक ४० ओळी व २ स्तंभांच्या ‘अ‍ॅरे’त ठेवून त्यांतून केंद्राचे अज्ञात निर्देशक वजा करायचे, फरकांचे वर्ग करायचे आणि प्रत्येक ओळीची बेरीज घ्यायची. ‘१०० किंवा कमी’ असे एकदा लिहिले, की ४० अटी तयार होतात.

ओळींऐवजी स्तंभांची बेरीज झाली, तर दोनच अटी उरतात. सर्व आकड्यांची एकत्र बेरीज झाली, तर एकच. आज्ञावली तरीही निमूटपणे चालते, पण उत्तर भलत्याच प्रश्नाचे मिळते. म्हणून आधी अटींची संख्या मोजावी. शिवाय वेगळे न सांगितल्यास राशी शून्य वा त्याहून अधिक धरली जाते. आरंभबिंदू नकाशाच्या मध्यावर असेल, तर त्याच्या पश्चिमेची व दक्षिणेची जागा विचारातच येत नाही.

चिन्हाचे महत्त्व

‘आत’ या अटीतून भरीव वर्तुळ मिळते. ते बहिर्वक्र असल्याने गणित सोपे राहते. ते सोडवणाऱ्या अंतर्बिंदू पद्धतींना आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी नरेंद्र करमरकर यांच्या रेषीय गणितांवरील १९८४ च्या संशोधनाने चालना दिली. कचरा डेपो गावांपासून १० किलोमीटर ‘दूर’ हवा असेल, तर मात्र वर्तुळाबाहेरची जागा घ्यावी लागते आणि गणित कमालीचे अवघड होऊ शकते. पूर्वी अशी अट दिल्यास गुरोबी त्रुटी दाखवून थांबत असे. २०२३ च्या ११.० आवृत्तीपासून ती थेट सोडवायला घेते. त्यामुळे चुकून उलटे पडलेले चिन्ह आता सहज नजरेतून सुटते.

उत्तर मिळाल्यावर प्रत्येक अटीत किती सवड उरली, हे तपासता येते. सवड शून्य असलेली गावे केंद्रापासून नेमकी १० किलोमीटरवर असतात. उत्तरच नसेल, तर परस्परविरोधी अटींचा किमान संच गुरोबी शोधून देते. केंद्राच्या जागेवर अन्य बंधन नसल्यास त्यात तीनपेक्षा जास्त गावे असूच शकत नाहीत. ऑस्ट्रियन गणिती एडुआर्ड हेली यांच्या १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रमेयातून हे सिद्ध होते. दुसरे केंद्र कुठे हवे, याचा विचार त्या दोन-तीन गावांपासून सुरू करता येतो.