होबी बेकरचें बर्फांगण

हॉकी म्हटली कीं आपणांस हिरवें मैदान आठवतें. अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आवारांत मात्र बर्फावरील हॉकीसाठीं बांधलेलें एक दगडी क्रीडागृह आहे. १९२३ च्या जानेवारींत तें खुलें झालें. ज्याचें नांव त्याला दिलें, त्या होबी बेकरला तेथें खेळणें कधींच लाभलें नाहीं.

बेकर १९१४ सालीं पदवीधर झाला. त्याच्या वेळीं विद्यापीठापाशीं स्वतःचें कृत्रिम बर्फ नव्हतें. संघ न्यूयॉर्कच्या सेंट निकोलस रिंकवर जाऊन सामने खेळे. थंडी पडली तर जवळचें सरोवर होतेंच, पण निसर्गाच्या लहरीवर संघ कसा तयार व्हावा? सामना संपतांच प्रतिपक्षाच्या खोलींत जाऊन हस्तांदोलन करण्याचा त्याचा परिपाठ सांगतात.

पहिल्या महायुद्धांत तो वैमानिक झाला. युद्ध थांबलें, घरीं परतण्याचा हुकूमही निघाला. तरी २१ डिसेंबर १९१८ रोजीं फ्रान्समधील तूल येथें दुरुस्त केलेलें विमान पारखण्यास तो वर चढला. यंत्र बंद पडलें. मृत्युसमयीं तो २६ वर्षांचा होता.

स्मारकाची वर्गणी निघाली तेव्हां हार्वर्ड व येल येथील प्रतिस्पर्ध्यांनींही हात सैल सोडला. त्या पैशाचा पुतळा न करतां बर्फ केलें, हें मला विशेष वाटतें. प्रिन्स्टनचे पुरुषांचे व स्त्रियांचे संघ आजही तेथेंच खेळतात.