आतड्यातील परोपजीवी आणि ॲमिनो अम्ले : कुक्कुटपोषणशास्त्रातील एका प्रश्नाचा इतिहास

कोंबड्यांच्या पिल्लांना होणारा कॉक्सिडिओसिस हा रोग आपल्याकडे ‘रक्ती हगवण’ या नावाने ओळखला जातो. आयमेरिया या वंशातील एककोशिक परोपजीवी आतड्याच्या अस्तरातील कोशिकांत शिरून तेथे वाढतात आणि बाहेर पडताना त्या कोशिका फोडून टाकतात. पिल्लू दगावले नाही तरी त्याची वाढ खुंटते व खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. या रोगामुळे जगभरात होणाऱ्या हानीचा इ. स. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज, २०१६ च्या किमतींनुसार, वर्षाला सुमारे १०४० कोटी पौंड इतका आहे. रोगाचे निदान व औषधे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. रोगग्रस्त आतड्याला पोषण कसे पुरवावे, या प्रश्नाचा इतिहास मात्र फारसा एकत्र मांडला गेलेला नाही. तो मांडण्याचे कारण केवळ ऐतिहासिक कुतूहल नव्हे. ॲमिनो अम्लांच्या पुरवणीस आज औषधाचा पर्याय मानण्याकडे जो कल दिसतो, तो कितपत साधार आहे हे ठरविण्यास हा इतिहास उपयोगी पडेल, असे वाटते.

प्रारंभी ‘कॉक्सिडिओसिस’ हा एकच रोग समजला जात असे. आयमेरिया टेनेला ही जाती रेल्ये व ल्यूसे यांनी १८९१ मध्ये वर्णिली होती. तथापि कोंबड्यांतील निरनिराळ्या जातींचा पद्धतशीर उलगडा हार्वर्ड येथील अर्नेस्ट टिझर यांनी १९२९ मध्ये केला. एक जाती ग्रहणीत, दुसरी लहान आतड्याच्या मध्यभागी, तर तिसरी अंधनालात वास करते, हे त्यांच्या कार्यातून स्पष्ट झाले. पोषणाच्या दृष्टीने हा भेद मूलगामी होय. अंधनालातील टेनेला रक्तस्रावाने पिल्लू मारते. ग्रहणीतील ॲसर्व्ह्युलिना क्वचितच मारते, पण अन्नरसाचे शोषण जेथे व्हावयाचे नेमका तोच प्रदेश ती बिघडविते. म्हणून ‘रोगात काय खाऊ घालावे’ या प्रश्नाचे उत्तर परोपजीवीची जाती कोणती, यावर अवलंबून राहते.

आहाराने रोग आवरण्याचे प्रयत्न टिझर यांच्या आधीच सुरू झाले होते. कॅलिफोर्नियात बीच व डेव्हिस यांनी १९२५ मध्ये पिल्लांना दुग्धशर्करा किंवा सायविरहित दुधाची भुकटी देऊन कृत्रिम संसर्गावर तिचा परिणाम अभ्यासिला. दुग्धशर्करेपासून आतड्यात अम्ल तयार होते व ते परोपजीवीस प्रतिकूल ठरते, अशी त्यामागील विचारसरणी होती. दुधात प्रथिनही आहे, आणि रोगी आतड्याच्या दृष्टीने त्याला काही स्वतंत्र महत्त्व असेल, हा विचार त्या काळी पुढे आला नाही. तो येण्यासारखी परिस्थितीही नव्हती. कारण प्रथिनाच्या घटकांची यादीच तोवर अपुरी होती. थ्रिओनीन हे प्रथिनघटक ॲमिनो अम्लांपैकी सर्वांत शेवटी सापडलेले अम्ल. इलिनॉय विद्यापीठात विल्यम रोझ व त्यांचे सहकारी यांनी ते १९३५ मध्ये वेगळे केले. शुद्ध ॲमिनो अम्लांच्या मिश्रणावर उंदरांची वाढ का होत नाही, या कोड्याचा शोध घेताना ते हाती आले. आतड्याच्या आरोग्याच्या चर्चेत पुढे याच अम्लाला अग्रस्थान मिळावयाचे होते.

यानंतर क्लोझ, स्टोकस्टॅड व अल्मक्विस्ट यांनी १९३८ मध्ये आर्जिनीन हे पिल्लांच्या आहारात अत्यावश्यक असल्याचे दाखविले. सस्तन प्राणी यूरिया-चक्राच्या द्वारे आर्जिनीन स्वतः तयार करू शकतात. पक्षी नायट्रोजनाचे उत्सर्जन यूरिक अम्लाच्या रूपाने करतात, व त्यांच्या ठायी यूरिया-चक्राचा आरंभ करणारे एंझाइम कार्यक्षम नसते. त्यामुळे आर्जिनिनाची त्यांची गरज बव्हंशी खाद्यातूनच भागवावी लागते. पक्ष्याच्या आतड्याला इजा झाली असता आर्जिनिनाचा प्रश्न विशेष तीव्र का होतो, याचे मूळ या शरीरक्रियेत आहे.

परंतु त्याच सुमारास लक्ष दुसरीकडे वळले. पी. पी. लेव्हिन यांनी १९३९ मध्ये सल्फानिलामाइडचा कॉक्सिडियांवरील परिणाम सिद्ध केला. १९४८ मध्ये सल्फाक्विनोक्झलीन खाद्यात मिसळून सतत देण्याची पद्धत पुढे आली. १९६० मध्ये ॲम्प्रोलियम आणि १९७१ मध्ये अमेरिकेत मोनेन्सिन वापरात आले. या औषधांमुळेच हजारो पिल्ले एकाच गादीवर वाढविणारा ब्रॉयलर-व्यवसाय शक्य झाला. यांपैकी ॲम्प्रोलियमची कथा पोषणशास्त्राच्या अभ्यासकास बोधप्रद आहे. ते थायामीन या जीवनसत्त्वाशी सादृश्य असलेले द्रव्य असून परोपजीवीस मिळणाऱ्या थायामिनाच्या आड येते; खाद्यात थायामिनाची मात्रा पुरेशी वाढविली, तर त्याचा परिणाम नाहीसा होतो. खाद्यातील पोषकद्रव्याचा वाटेकरी परोपजीवीही असतो, हे यावरून प्रत्ययास आले.

हीच गोष्ट प्रथिनाच्या बाबतीत अधिक धक्कादायक रीतीने दिसून आली. ब्रिटन, हिल व बार्बर यांनी १९६४ मध्ये असे नमूद केले, की अत्यल्प प्रथिनाच्या खाद्यावरील पिल्ले तीव्र कॉक्सिडिओसिसमध्ये कमी प्रमाणात दगावतात. कुपोषित पिल्लू अधिक सुरक्षित राहावे, हे वरवर पाहता विपरीत वाटते. त्याचा उलगडा परोपजीवीच्या जीवनक्रमात सापडतो. पोटात गेलेल्या ऊसिस्टचे कवच पेषणीत भरडले जाते. त्यातून निघालेल्या पुटींतील बीजरूपे मोकळी होण्यास मात्र अग्निपिंडातून येणारे ट्रिप्सिन व पित्त यांची आवश्यकता असते. खाद्यात प्रथिन अत्यल्प असेल तर ट्रिप्सिनाचा स्राव घटतो आणि मोकळ्या होणाऱ्या बीजरूपांची संख्याही घटते. अर्थात असे खाद्य व्यवहारात देता येत नाही. त्यावर पिल्लाची वाढच होणार नाही. या निरीक्षणाचे महत्त्व निराळे आहे. ‘रोगी पिल्लास अधिक प्रथिन द्यावे’ या सरळ वाटणाऱ्या सूत्रास त्यामुळे प्रथमच तडा गेला.

त्याला दुसरी पुस्ती आतड्याच्या आणखी एका रोगाने जोडली. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूमुळे होणारा आंत्रविनाशक दाह इंग्लंडमध्ये पॅरिश यांनी १९६१ मध्ये वर्णिला. कॉक्सिडियांनी फाटलेल्या अस्तरातून झिरपणारी रक्तद्रवातील प्रथिने व वाढलेला श्लेष्मा हे या जंतूचे आयते अन्न होय, कारण अनेक ॲमिनो अम्ले त्याला स्वतः तयार करता येत नाहीत. कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठात २००४ व त्यानंतरच्या वर्षांत झालेल्या प्रयोगांत मासळीच्या भुकटीमुळे, तसेच ग्लायसीन विपुल असलेल्या खाद्यामुळे, या जंतूची आतड्यातील संख्या वाढल्याचे आढळले. आतड्यात न पचता उरलेले प्रथिन कोणाच्या उपयोगी पडते, हा प्रश्न विचारल्यावाचून प्रथिनपुरवणीचा विचार पुरा होत नाही, असा याचा निष्कर्ष आहे.

या कोंडीतून मार्ग निघाला तो ‘प्रथिन’ आणि ‘ॲमिनो अम्ल’ यांत व्यवहारतः भेद करता आल्यामुळे. संश्लेषित मेथिओनीन दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात, आणि जपानमध्ये विकसित झालेल्या किण्वनपद्धतीने तयार केलेले लायसीन १९५८ नंतर उपलब्ध होऊ लागले. थ्रिओनीन त्यानंतर कित्येक वर्षांनी आले. मका व सोयाबीनची पेंड यांवर आधारलेल्या खाद्यात पहिला तुटवडा मेथिओनिनाचा, पुढे लायसीन व थ्रिओनिनाचा, असा क्रम सामान्यतः मानला जातो. शुद्ध अम्ले हाती आल्यावर एकूण प्रथिन कमी ठेवून नेमक्या उणिवा भरून काढता येऊ लागल्या. मोकळ्या अम्लास ट्रिप्सिनाने तोडावयाची गरज नसते. ते लहान आतड्याच्या वरच्या भागातच बहुतांशी शोषले जाते, आणि खालच्या भागातील जंतूंस फारसे उरत नाही. बेकर व हान यांनी १९९४ मध्ये पिल्लांसाठी मांडलेले आदर्श प्रमाण हे या विचाराचे परिणत रूप होय.

निरोगी पिल्लासाठी आखलेले प्रमाण रोगी आतड्यास पुरते काय, ही त्यापुढची पायरी होती. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात ॲलन व फेटरर यांनी २००० मध्ये आयमेरिया ॲसर्व्ह्युलिनाच्या संसर्गात रक्तद्रवातील आर्जिनीन घटते असे दाखविले. याची दोन कारणे संभवतात : शोषण मंदावणे, आणि शरीराच्या प्रतिकारकार्यात आर्जिनीन खर्ची पडणे. महाभक्षी कोशिका आर्जिनिनापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, हे १९८७ च्या सुमारास कळले होते. रोशेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये संसर्गाची मात्रा जसजशी वाढते, तसतशी बहुतेक ॲमिनो अम्लांची पचनीयता उतरते, असे मोजून दाखविले. थ्रिओनिनाचे कारण वेगळे आहे. आतड्याच्या अस्तरावरील श्लेष्म्याचा मुख्य घटक म्यूसिन. त्याच्या प्रथिनात थ्रिओनीन विपुल असते व ते म्यूसिनाबरोबर बव्हंशी वाहून जाते. विल्स-प्लॉट्झ प्रभृतींनी २०१३ मध्ये थ्रिओनीन व तंतू यांच्या प्रमाणानुसार कॉक्सिडिओसिसमधील प्रतिकार-प्रतिक्रिया बदलते असे दाखविले. टॅन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लसीच्या मार्गाने दिलेल्या संसर्गात आर्जिनिनाच्या पुरवणीने अस्तराची हानी सौम्य होते, असे नोंदविले.

या शेवटच्या प्रयोगाचा संदर्भ ध्यानात घेण्याजोगा आहे. औषधांना दाद न देणारे परोपजीवी एकामागून एक निपजत गेले. युरोपीय संघात वाढीसाठी प्रतिजैविके खाद्यात घालण्यावर १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी आली. अशा स्थितीत, अमेरिकेत १९५२ पासून प्रचारात असलेल्या जिवंत लशींकडे पुन्हा लक्ष गेले. लस म्हणजे आटोक्यात ठेवलेला संसर्गच. प्रतिकारशक्ती येईपर्यंत आतड्यास थोडी इजा होणे अटळ आहे. त्या काही दिवसांत अस्तराची दुरुस्ती जलद व्हावी, हे ॲमिनो अम्लांच्या पुरवणीचे स्वाभाविक क्षेत्र ठरते.

तथापि मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. एक अम्ल वाढविले की दुसऱ्याचा तोल ढळतो. लायसीन अधिक झाल्यास मूत्रपिंडातील आर्जिनेज वाढून आर्जिनिनाचा नाश होतो, हे १९६० ते १९७० या दशकातील संशोधनाने दाखविले आहे. म्हणजे वाढीसाठी घातलेले एक अम्ल, रोगात ज्याची निकड असते अशा दुसऱ्या अम्लाची उणीव निर्माण करू शकते. शिवाय वर उल्लेखिलेल्या प्रयोगांत प्रकर्षाने दिसते ती हानीची भरपाई. परोपजीवीचा नायनाट नव्हे.

सारांश, १९२५ ते २०१६ या काळात प्रश्नाचे स्वरूपच पालटले. ‘कोणत्या अन्नाने परोपजीवी हटेल’ या प्रश्नाची जागा ‘जखमी आतड्यास नेमके काय, किती आणि केव्हा हवे’ या प्रश्नाने घेतली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर औषध, लस व गादीची स्वच्छता यांच्याकडेच मागितले पाहिजे. ॲमिनो अम्लांची पुरवणी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि तेही परोपजीवीची जाती, संसर्गाची तीव्रता व इतर अम्लांचा तोल लक्षात घेतला तरच. महाराष्ट्रातील ब्रॉयलर-पालनही मका व सोयाबीनच्या पेंडीवरच उभे असल्याने हे निष्कर्ष आपल्या अभ्यासकांस परके नाहीत. खाद्याचे सूत्र आखताना निरोगी पक्ष्याच्या गरजांचा तक्ता हाच आधार मानण्याची सवय आपल्याकडेही दृढ आहे. रोगग्रस्त पक्ष्याच्या गरजांचे मापन हा येथील पदव्युत्तर संशोधनाचा विषय होण्यास सर्वथा योग्य आहे.