न मोजता मोजायची युक्ती



हरभऱ्याच्या बियाण्याची पाकिटं भरताना आपण दाणे मोजत बसत नाही. शंभर दाण्यांचं वजन वीस ग्रॅम भरलं, तर एका किलोत पाच हजार दाणे, असा हिशोब करतो. अणूंच्या बाबतीत हाच हिशोब जमायला शास्त्रज्ञांना पन्नास वर्षं लागली. कारण अणूचे शंभर दाणे वेगळे काढणार कसे?

नऊ ग्रॅम पाण्यात एक ग्रॅम हायड्रोजन आणि आठ ग्रॅम ऑक्सिजन असतो. इंग्लंडच्या जॉन डाल्टन यांनी धरलं, की पाण्यात दोघांचा एकेक अणू आहे. तसं असेल तर ऑक्सिजनचा अणू आठपट जड. पण हायड्रोजनचे दोन असतील, तर सोळापट जड! संख्या चुकली की वजनही चुकणार.

१८११ मध्ये इटलीतल्या आमेदेओ अव्होगाद्रो यांनी वाट दाखवली. तापमान आणि दाब सारखा असेल, तर सारख्या आकारमानाच्या कोणत्याही वायूंत कणांची संख्या सारखीच असते, असं ते म्हणाले. पाण्यातून ऑक्सिजनच्या दुप्पट हायड्रोजन निघतो, म्हणजे अणूही दुप्पट. शिवाय या वायूंचा एकेक कण दोन अणू जोडून झालेला असतो, असंही त्यांनी सांगितलं. एकाच जातीचे अणू जोडले जातात हे डाल्टनना पटेना. अव्होगाद्रोंचं म्हणणं मागे पडलं आणि १८५६ मध्ये ते वारले.

इकडे गोंधळ एवढा वाढला, की व्हिनेगरमधल्या आम्लाची एकोणीस सूत्रं केकुले यांनी १८६१ च्या पुस्तकात नोंदवली. त्याआधी १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहे इथं शास्त्रज्ञांची मोठी परिषद भरली होती. तिथं इटलीच्या कानिझारो यांनी अव्होगाद्रोंची बाजू मांडली, त्यांची पुस्तिका वाटली गेली आणि हळूहळू सगळ्यांचा हिशोब जुळला.

आज आपण म्हणतो, एक ग्रॅम हायड्रोजन आणि सोळा ग्रॅम ऑक्सिजन यांत अणू सारखेच. किती? सहावर तेवीस शून्यं, त्याहून थोडे जास्त. १९०९ मध्ये फ्रान्सच्या झां पेरँ यांनी या संख्येला अव्होगाद्रोंचं नाव दिलं. एवढ्या कणांचा गठ्ठा म्हणजे एक मोल. पाण्याचा एक मोल म्हणजे अठरा ग्रॅम, तीन-चार चमचे.

नववीच्या पुस्तकात हाच 'मोल' येतो आणि आपल्या मुली घाबरतात. लेकीला तराजू आणि हरभरे द्या. डझन म्हणजे बारा, तसा हा मोल. बाकीचं ती स्वतःच मांडेल.