हिमफळ्यांचा उन्हाळा

बर्फावरून घसरण्याच्या फळ्या बर्फ नसतां लोक कशा जपीत, यांत त्या फळ्यांचा बराचसा इतिहास आम्हांस दिसतो. नॉर्वेंतील लांकडी स्कीला भय ओलाव्याचें. म्हणून तिच्या तळास चीडवृक्षाचें डांबर चोपडीत आणि जोडीचीं टोकें एकत्र बांधून मध्यें ठोकळा घालीत. तो न घातल्यास कमान बसे, आणि कमान बसलेली स्की म्हणजे केवळ सरपणच! पुढें पोलादी कडा आल्या, त्यांसवें गंज आला. १९६५ सालीं अमेरिकेंत शर्मन पॉपेन यांनीं आपल्या मुलींसाठीं दोन स्की जोडून एक खेळणें केलें; त्यांतून स्नोबोर्ड निघाला. आजच्या बोर्डाचा तळ प्लॅस्टिकचा. त्याला भय ओलाव्याचें नव्हे, कोरडें पडण्याचें. म्हणून कडा पुसून तळावर मेणाचा जाड थर देतात, आणि तो खरवडतात हिवाळा आल्यावरच.