अमेरिकेत शटडाउन झाले तर अपंगत्व लाभाच्या अर्जाचे काय होते?

अमेरिकेच्या केंद्र सरकारचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोपर्यंत तिथल्या संसदेने खर्चाला मंजुरी दिली नाही, तर अनेक सरकारी खात्यांचे काम थांबते किंवा मंदावते. यालाच शटडाउन म्हणतात. २०२५ मध्ये १ ऑक्टोबरला सुरू झालेले शटडाउन ४३ दिवस चालले. आजारपणामुळे नोकरी सुटलेल्या रुग्णाच्या घरचे अशा वेळी विचारतात, "डॉक्टर, आता अर्ज करावा की थांबावे?" थांबू नका.

मिळत असलेले पैसे बंद होतात का?

नाही. अपंगत्वाचे लाभ दोन प्रकारचे आहेत. एसएसडीआय हा लाभ पगारातून सोशल सिक्युरिटी कर भरलेल्यांना मिळतो आणि त्याचे पैसे वेगळ्या ट्रस्ट फंडातून येतात. एसएसआय हा लाभ उत्पन्न आणि बचत अगदी कमी असलेल्यांसाठी आहे. त्याच्या पुढील वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांची तरतूद सहसा आधीच केलेली असते. त्यामुळे २०२५ च्या शटडाउनमध्येही दोन्ही लाभ मिळत राहिले.

नवीन अर्जाचे काय?

२०२५ मध्ये सोशल सिक्युरिटीची कार्यालये उघडी होती. नवे अर्ज आणि अपील स्वीकारले जात होते, सुनावण्याही चालू होत्या. लाभाचा दाखला देणे, कमाईच्या नोंदीतील चुका दुरुस्त करणे अशी काही कामे मात्र कार्यालयात थांबली होती.

उशीर होतो तो पुढच्या टप्प्यावर. तुमचे वैद्यकीय कागद तपासण्याचे काम त्या त्या राज्याचे कार्यालय करते, पण त्याचा खर्च केंद्राकडून येतो. शटडाउन लांबले, तर एखादे राज्य हे कर्मचारी कमी करू शकते आणि निर्णय रखडू शकतो.

मग घाई कशासाठी?

कारण अर्जाची तारीख महत्त्वाची असते.

- एसएसआयमध्ये अर्जापूर्वीच्या महिन्यांचे पैसे मिळत नाहीत.
- एसएसडीआयमध्ये मागील जास्तीत जास्त १२ महिन्यांचेच पैसे मिळू शकतात. शिवाय अपंगत्व सुरू झाल्यापासूनचे पहिले पाच पूर्ण महिने सहसा धरले जात नाहीत.
- अर्ज नामंजूर झाल्यास पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करावे लागते. शटडाउनमुळे ही मुदत आपोआप वाढेल असे समजू नका.

या काळात तुम्ही काय कराल?

- अर्ज ऑनलाइन किंवा फोनवरून सुरू करा आणि पोच जपून ठेवा.
- सर्व डॉक्टर, रुग्णालये, तपासण्या आणि औषधांची तारखांसह यादी करा. उपचार भारतात झाले असतील, तर तेही रिपोर्ट जोडा.
- "रुग्ण काम करू शकत नाही" एवढीच चिठ्ठी पुरत नाही. रुग्ण किती वेळ बसू किंवा उभा राहू शकतो, किती वजन उचलतो, हात आणि स्मरणशक्ती किती साथ देतात, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. आजारामुळे किमान १२ महिने काम करता येणार नाही, हेही कागदांवरून दिसायला हवे.
- उपचार आणि तपासण्या चालू ठेवा. मध्ये खंड पडला, तर आजाराची तीव्रता दाखवणे अवघड जाते.
- पत्ता किंवा फोन बदलल्यास लगेच कळवा. तपासणीची तारीख चुकली, तर अर्ज नामंजूर होऊ शकतो.

भारतातून गेलेल्यांसाठी

भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही. त्यामुळे भारतात केलेल्या नोकरीची वर्षे एसएसडीआयसाठी धरली जात नाहीत. एसएसआयसाठी नागरिकत्वाचे आणि इमिग्रेशनचे कडक नियम आहेत. इंग्रजीची अडचण असेल, तर सोशल सिक्युरिटीकडे मोफत दुभाषी मागता येतो.

लक्षात ठेवा: जीवघेणा आजार असेल किंवा घरात अन्न-औषधालाही पैसे उरले नसतील, तर कार्यालयाला तसे स्पष्ट सांगा. अशा प्रकरणांना प्राधान्य देण्याची सोय आहे, पण त्यासाठी तुमची परिस्थिती त्यांना कळायला हवी.