आकाशातून उतरणारी वेळ

भोपाळच्या कोलार रोडवर सूर्य मध्यान्ही येतो तेव्हा घड्याळात सरासरीने बारा वाजून वीस मिनिटे झालेली असतात. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. भोपाळ त्याच्या पश्चिमेस सुमारे पाच अंश आहे आणि दर अंशामागे चार मिनिटांचा फरक पडतो.

ही प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 रोजी अमलात आली. मुंबईस ती लादलेली वाटली. 39 मिनिटांनी मागे असलेली मुंबईची स्वतःची वेळ 1955 पर्यंत तेथे तग धरून होती. देशाची वेळ एक झाली खरी. पण ती अचूकपणे घरोघर पोचवावयाची कशी? तारायंत्राची तार स्टेशनापाशी थांबे. आकाशलहरी मात्र कोणाच्याही अंगणात उतरत.

1959 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे ‘एटीए’ केंद्र सुरू झाले. लघुलहरींवरून सेकंदाचे ठोके ऐकू येऊ लागले. त्याच वर्षी जर्मनीत ‘डीसीएफ 77’ सुरू झाले. पुढे त्याच्या ठोक्यांत सांकेतिक लिपी आली. लहरीचा जोर दशांश सेकंद मंदावला तर शून्य, दोन दशांश मंदावला तर एक. एकोणसाठावा संकेत येतच नाही. त्या मौनावरून नव्या मिनिटाचा आरंभ ओळखावयाचा. घरी जोडलेल्या छोट्या यंत्रासही एवढे साधते.

2014 मध्ये ‘एटीए’ कायमचे मौन झाले. आज मोबाईल आयती वेळ देतो, ती विश्वासाने घ्यावयाची. ठोके मोजून लावलेली वेळ मात्र स्वतः पडताळलेली असे.