पेप्टाइडे, सूक्ष्मशैवल-चोथ्यातील ऑक्सिडीभवनरोधक

सूक्ष्मशैवलांतून तेल, रंगद्रव्ये किंवा अर्क काढल्यावर उरलेल्या चोथ्यातील प्रथिनांचे जलीय विच्छेदन करून मिळविलेल्या, ऑक्सिडीभवन रोखणाऱ्या ॲमिनो अम्लांच्या आखूड साखळ्या.

तैवानमध्ये क्लोरेला व्हल्गॅरिस या हरित शैवलाचा (→ शैवले) पाण्यातील अर्क पूरक अन्न म्हणून तयार करतात. मागे राहणाऱ्या चोथ्यात निम्म्याहून अधिक प्रथिन असूनही तो पशुखाद्यातच जाई. या चोथ्यापासून ११ ॲमिनो अम्लांचे पेप्टाइड वेगळे केल्याचे तेथील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले.

चोथा पाण्यात कालवून आम्लधर्मी करतात व त्यावर पेप्सिनाची (→ एंझाइमे) क्रिया होऊ देतात. मग मिश्रण तापवून एंझाइम निष्क्रिय करतात, गाळ अपकेंद्रित्राने काढतात आणि द्रवातील पेप्टाइडे सूक्ष्म पटलातून गाळून व स्तंभ वर्णलेखनाने अलग करतात. शैवलाची कोशिकाभित्ती चिवट असल्यामुळे ती आधी फुटलेली असणे सोयीचे ठरते. अर्क काढताना हे काम बरेचसे आपोआप होते. वरील पेप्टाइडातील सिस्टीन व टायरोसीन हे घटक मुक्त मूलकांना हायड्रोजन देऊ शकतात. पचनसंस्थेतील एंझाइमांपुढेही ते टिकते, असे प्रयोगशाळेत आढळले.

खाद्यतेलांचा खवटपणा लांबविणे व पूरक अन्न हे संभाव्य उपयोग होत. परीक्षानळीतील क्रियाशीलता म्हणजे मानवी शरीरातील गुण नव्हे. (→ प्रथिने, पेप्टाइडे).